मुक्या जनावरांचे ऋण

श्रोते हो, गाय अडली की जनावरांचे डॉक्टर काय करतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. गाईची शेपटी धरून ते ती पंपाच्या दांड्यासारखी खालीवर करतात, मुळाशी हलणारा सांधा बोटाने चाचपतात आणि तिथे सुई घालतात. जरा वेळाने शेपटी लुळी पडते, गाईचे कुंथणे थांबते. पण पाय शाबूत, गाय उभीच! ही सुई कण्याच्या पोकळीत जाते. कंबरदुखीने बेजार झालेल्या माणसालाही आज अशीच सुई देतात. मग मनात येते, इतक्या नाजूक जागी हात घालण्याचे धाडस प्रथम केले कोणी? आणि ते निर्धोक आहे, हे ठरवले कसे?

त्यासाठी आपल्याला १८८५ सालच्या न्यूयॉर्कला जावे लागेल. तिथे लिओनार्ड कॉर्निंग नावाच्या डॉक्टरांनी एका कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांमध्ये कोकेनचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांतच त्याचे मागचे पाय लटपटू लागले, मग त्यांना टोचलेलेही कळेना. पुढचे पाय मात्र ठणठणीत. काही तासांनी कुत्रे पूर्ववत झाले, तेव्हाच कॉर्निंग यांनी एका रोग्यावर हा प्रयोग केला.

पण कुत्रे बोलत नाही. त्याचे डोके दुखले तरी ते सांगणार कसे? १८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीर यांनी या रीतीने शस्त्रक्रिया केल्या. रोग्यांना वेदना झाल्या नाहीत. पण मागाहून कुणाला डोकेदुखी, कुणाला वांत्या. असे का, हे पाहण्यासाठी बीर यांनी स्वतःच्या पाठीत सुई घालून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना, कण्यातले पाणी वाहून गेले. मग त्यांचे सहायक हिल्डेब्रांट पुढे झाले. त्यांच्या नडगीवर हातोडी मारली, तरी त्यांना कळ आली नाही. दोघांनाही पुढे डोकेदुखीने छळले. जनावराला सांगता आले नसते, ते माणसाने सोसून सांगितले.

१९०१ साली पॅरिसमध्ये कॅथेलिन आणि सिकार यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाजवळच्या छिद्रातून मज्जेच्या वेष्टनाबाहेरच औषध सोडण्याची वाट दाखवली. कॅथेलिन यांनी आधी कुत्र्यांवर पारख केली. सिकार यांनी कंबरेपासून पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या कळांवर हा उपाय योजला. पुढे १९५० नंतरच्या वर्षांत कोकेनच्या जातीच्या औषधांच्या जोडीला सूज उतरवणारी स्टिरॉइडे आली आणि हे इंजेक्शन जगभर पसरले.

इथे मात्र क्रम उलटा झाला. मानेच्या मणक्यांत हे औषध देताना क्वचित एखाद्या रोग्याला पक्षाघात होऊ लागला. का? काही स्टिरॉइडे पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे बारीक कण तरंगत राहतात. पाटात गाळ अडकला की खालचे वाफे कोरडे पडतात ना? कण चुकून रक्तवाहिनीत गेले, तर मेंदूचेही तसेच होईल, अशी शंका आली. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डुकरांच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत मुद्दाम औषध सोडून पाहिले. कण असलेले औषध मिळालेली डुकरे शुद्धीवर आलीच नाहीत. कणविरहित डेक्सामेथासोन मिळालेली सुखरूप राहिली. २०१४ साली अमेरिकन सरकारने या इंजेक्शनांबाबत धोक्याची सूचना छापायला लावली.

आणखी एक धडा २०१२ सालचा. अमेरिकेत बुरशी शिरलेल्या कुप्यांमुळे सातशेहून अधिक माणसे आजारी पडली, साठाहून अधिक दगावली. औषध पारखलेले होते, स्वच्छता चुकली. प्रयोगशाळेतल्या जनावराने कालच्या औषधाची ग्वाही दिली, तरी आजच्या कुपीची ग्वाही माणसानेच द्यावी लागते.

आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्याची तरतूद केली. विनाकारण यातना देता येत नाहीत. ते योग्यच आहे. ज्या मुक्या जीवाने आपल्यासाठी सुई सोसली, त्याचे दुःख वाया जाऊ नये. म्हणून कंबरेत सुई घ्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना निःसंकोच विचारा : औषध कोणते? कणांचे की विरघळलेले? सुई जागेवर आहे, हे कसे पाहणार? गुरुजनहो, मुलांनाही हे विचारायला शिकवा. त्या कुत्र्याचे आणि त्या डुकरांचे ऋण फेडायचे, तर त्यांनी शिकवलेले विसरू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.