दूरसमुपदेशनाची वाटचाल

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वी हे गाव आहे. १९७१ साली तेथे देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूस्थानक उभे राहिले. सुमारे तीस मीटर व्यासाच्या तबकडीमार्फत परदेशाशी दूरध्वनी जोडले जाऊ लागले. पण त्याच तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरातल्या वाडीवर एखादे मूल रात्र-रात्र झोपत नसेल, तर त्याच्या आईवडिलांनी बोलायचे कोणाशी? मनाचा दवाखाना म्हणजे येरवडा, आणि गावात ‘येरवडा’ या शब्दाचा काय अर्थ घेतला जातो, हे शिक्षकांना सांगायला नको.

हे अंतर यंत्राने कापण्याचा एक आरंभीचा प्रयत्न अमेरिकेत झाला. नेब्रास्का राज्यात १९५९ साली सिसिल विटसन यांनी दुतर्फा दूरचित्रवाणीवरून गटोपचार केले. १९६४ मध्ये सुमारे १८० किलोमीटरवरचे रुग्णालयही जोडले गेले. मात्र दोन्ही टोकांना रुग्णालयेच होती. घरात घुसमटणाऱ्यापर्यंत ही यंत्रणा पोहोचत नव्हती.

तेथे पोहोचला साधा दूरध्वनी. इंग्लंडमधील चॅड व्हारा या तरुण धर्मोपदेशकाला १९३५ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीचे अंत्यविधी करावे लागले. पाळी सुरू झाली, हा काहीतरी घाणेरडा रोगच आहे असे तिला वाटले आणि तिने आयुष्य संपवले. विचारायला कोणीच नव्हते. ही गोष्ट व्हारांच्या मनातून गेली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी लंडनमधील आपल्या चर्चमध्ये संकटग्रस्तांसाठी दूरध्वनी सुरू केला. भेटायलाही माणसे येऊ लागली. त्यांना थांबवून चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक बसत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या ध्यानात आले, की या स्वयंसेवकांशी बोलूनच कित्येक जण हलके होऊन परत जातात! १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी ऐकण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. दूरसमुपदेशनाच्या इतिहासात मला हा शोध उपग्रहापेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडे १९९६ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून मुलांसाठी १०९८ ही सेवा निघाली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेकडे आहे. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात २०१० मध्ये चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने बसमध्ये पडदा लावून गावोगावच्या रुग्णांची मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून दिली. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच घरी आली आणि समुपदेशनही पडद्यावर गेले. त्या जुलैत केंद्राचा ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा आली. ती चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येते आणि साधा फोन पुरतो.

जुन्नर-आंबेगावला तिची गरज का, हे वेगळे सांगावे लागत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. पंचनामे आणि पुनर्वसन संपले तरी मुलाच्या मनातला पावसाचा आवाज संपत नाही. पूर्वेकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय आहे. परीक्षेची धास्ती तर सगळीकडेच.

अडचणी मात्र इथल्या मातीतल्याच आहेत. डोंगर रेडिओलहरी अडवतात. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला हा आडोसा उपयोगी पडला. वाडीवरच्या मोबाईलला तोच नडतो. घरात फोन एक, तोही बहुधा वडिलांच्या खिशात. आईवडील नारायणगावच्या बागायतीत मजुरीला गेलेले, म्हणजे कुटुंबाशी बोलायचे तर संध्याकाळनंतरच. आणि एका खोलीच्या घरात, आजीसमोर, मूल काय बोलणार? चित्र दिसले तरी थरथरणारे हात चौकटीबाहेर राहतात, आवाज मध्येच तुटतो, आणि समुपदेशकाला गप्प बसण्याचा अर्थ लागत नाही.

म्हणून अशा ठिकाणी शाळेची रिकामी खोली कामाची ठरते. पालकांना विश्वासात घ्यावे, फोन लावून द्यावा आणि शिक्षकाने व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसावे. मूल बाहेर आल्यावर ‘काय बोललास?’ असे विचारू नये. जिवाला धोका असेल तर समुपदेशक ते गुप्त ठेवत नाही, घरच्यांना कळवतो; हे मात्र मुलाला फोन लावण्यापूर्वीच सांगून ठेवावे.