उंबरठ्यावरचा सोबती

आमच्या मोहल्ल्यात एक हाफिजजी होते. जन्मापासून दृष्टी नव्हती. सारे कुराण मुखोद्गत, पण घर ते मशीद ही दोन गल्ल्यांची वाट मात्र कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवूनच चालावी लागायची. तो खांदा काही वर्षे माझा होता. एका संध्याकाळी क्रिकेटचा डाव रंगला आणि मी त्यांना न्यायला विसरलो. अंधार पडल्यावर आठवण झाली, धावत गेलो. हाफिजजी टोपी घालून ओट्यावर तसेच बसलेले होते. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, नमाज घर में भी हो जाती है."

ते वाक्य अजून मनात सलते. पुढे मॉरिस फ्रँक या अमेरिकन माणसाची हकिकत वाचली, तेव्हा ते पुन्हा आठवले. फ्रँक टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरचा. सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून एक डोळा गेला आणि सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात दुसरा. कॉलेजात शिकत तो विमा विकायचा. हिंडण्याफिरण्यासाठी त्याने पगारी मुलगा ठेवला होता. पण मुलगा तो मुलगाच. कधी कंटाळायचा, कधी यायचाच नाही. तो मुलगा म्हणजे मीच, असे मला वाटून गेले.

१९२७ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकला त्याच्या वडिलांनी एका साप्ताहिकातला लेख वाचून दाखवला. लेखिका होत्या डोरोथी हॅरिसन यूस्टिस. या अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमधल्या डोंगरावर जर्मन शेफर्ड जातीची कुत्री वाढवायच्या. लष्कराला, पोलिसांना पुरवायच्या. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या शाळेत अंध माणसांना घेऊन चालणारी कुत्री पाहून त्या थक्क झाल्या आणि तेच त्यांनी लिहिले होते.

जर्मनीत ही शाळा निघाली, तिच्या मुळाशी युद्ध होते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि तोफगोळ्यांनी हजारो सैनिकांची दृष्टी गेली. डॉ. गेरहार्ड श्टालिंग एका अंध रुग्णाला बागेत फिरवत असताना त्यांना तातडीने जावे लागले. आपला कुत्रा त्यांनी रुग्णापाशी ठेवला. परत आले तर कुत्रा त्या माणसाला सांभाळत होता, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, १९१६ साली ओल्डेनबुर्ग गावात त्यांनी अशा कुत्र्यांची पहिली शाळा काढली, हे मात्र इतिहासात नोंदलेले आहे. कल्पना त्याहून जुनी. व्हिएन्नात अंधांची शाळा काढणाऱ्या योहान विल्हेल्म क्लाइन यांनी १८१९ च्या आपल्या पुस्तकात कुत्र्याला शिकवण्याची पद्धत लिहून ठेवली होती. पण पुस्तकातली कल्पना रस्त्यावर यायला शंभर वर्षे आणि एक महायुद्ध लागले.

फ्रँकने यूस्टिसबाईंना पत्र लिहिले आणि १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला निघाला. एकटा अंध प्रवासी म्हणून नव्हे, तर चक्क पार्सल म्हणून! बोटीवर त्याला एका कंपनीच्या जिम्म्यात सोपवले होते. सामानासारखे पोचवायचे आणि पोच घ्यायची. तिथे त्याची गाठ एका कुत्रीशी पडली. तिचे नाव त्याने बडी ठेवले. बडी म्हणजे दोस्त, सवंगडी. शिकता शिकता एक दिवस तो बडीला घेऊन गावात केस कापायला गेला. एकटा. केस कापणे ही काय मोठी गोष्ट! पण त्यासाठीसुद्धा रोज दुसऱ्याची वाट पाहणाऱ्याला विचारा.

आता हे कुत्रे नेमके काय करते? पुष्कळांचा समज असा, की ते मालकाला घरी, दुकानात नेऊन सोडते. तसे नाही. वाट माणसाच्या डोक्यात असते. कुत्रे फक्त पाऊल सांभाळते. खड्डा, पायरी, खांब, अंगावर येणारी मोटार. मालक 'पुढे' म्हणाला तरी समोर धोका असेल तर ते जागचे हलत नाही. आज्ञा कधी मोडावी, हे त्याला शिकवलेले असते. आज्ञा पाळणे सोपे. शहाणपणाने मोडणे माणसालाही साधत नाही.

पण या शिक्षणाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. तो म्हणजे चारचौघांत वागणे. हॉटेलात टेबलाखाली अंग चोरून पडून राहायचे. खाली पडलेल्या घासाला तोंड लावायचे नाही. आगगाडीत शेपटी वाटेत पसरायची नाही. भुंकायचे नाही, कुणाला हुंगायचे नाही, नैसर्गिक विधी सांगितल्या वेळीच. हे एका दिवसात होत नाही. पिल्लू सुमारे वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढते. ते लोक त्याला बाजारात, स्टेशनावर, गर्दीत नेतात, म्हणजे पुढे कुठलाच आवाज त्याला नवा राहत नाही. अमेरिकेत १९४२ पासून अशी कुटुंबे पिल्ले वाढवू लागली. मग शिक्षकाकडे काही महिने, शेवटी ज्याच्याबरोबर राहायचे त्या माणसाबरोबर काही आठवडे. आणि ज्या दिवशी पिल्लू शाळेत जाते, त्या दिवशी ते घर रडते. सासरी पाठवणीच ती.

इतके का शिकवायचे? कारण दार. ११ जून १९२८ रोजी फ्रँक न्यूयॉर्कला उतरला आणि वार्ताहरांच्या देखत बडीबरोबर त्याने मोटारींनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडला. यूस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली: यश. पुढच्याच जानेवारीत नॅशव्हिलमध्ये त्यांची 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. पण रस्ता ओलांडणे सोपे ठरले, उंबरठा ओलांडणे अवघड. हॉटेलवाले म्हणत, कुत्र्याला मज्जाव. रेल्वेवाले म्हणत, कुत्रे सामानाच्या डब्यात. फ्रँक आणि बडी गावोगाव फिरले. बडी मुकाट पायाशी पडून राहायची आणि तिचे ते मुकाट पडून राहणे हाच फ्रँकचा युक्तिवाद असायचा. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी अशा कुत्र्यांना डब्यात घेतले. १९३८ साली विमान कंपनीनेही बडीला प्रवाशांत जागा दिली. त्याच वर्षी २३ मे रोजी बडी गेली.

यात एक बोचरी गोष्ट आहे. एका कुत्र्याने भर हॉटेलात गोंधळ घातला असता, तर दार साऱ्यांनाच बंद झाले असते. ज्यांना दाराबाहेर उभे राहण्याची सवय आहे, त्यांना हे ओझे कळते. एकाच्या चुकीचा हिशेब सगळ्यांच्या नावे लिहिला जातो. कायदा हवा तो इथे. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी दोन्ही बाजू बांधल्या. सेवा करणाऱ्या कुत्र्याला प्रवेश हा मालकाचा हक्क. पण एखादे कुत्रे आवरेनासे झाले आणि मालकानेही आवरले नाही, तर तेवढ्या कुत्र्याला बाहेर काढता येते. साऱ्यांना नाही. हक्क सर्वांचा, चूक एकाची. सुसंस्कृत समाजाची याहून सोपी व्याख्या मला तरी माहीत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. आमच्या घरी कुत्रा ओसरीवर चढला की दादी ओसरी धुऊन काढायची. नमाजाच्या जागेच्या पाकीबद्दल आमच्यात कटाक्ष असतो. मग अंध मुसलमानाने काय करावे? २००८ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात हाच प्रश्न एका तरुणाने विचारला. मुस्लिम विद्वानांच्या परिषदेने कुत्र्याला आणायला परवानगी दिली आणि तिथल्या मशिदीने प्रवेशद्वाराशी कुत्र्यासाठी जागा केली. मालक आत नमाजाला, सोबती दाराशी थांबलेला. कुणाची पाकी बिघडली नाही आणि कुणाची नमाज चुकली नाही.

ती बातमी वाचून मला आमचे हाफिजजी आठवले. दर शुक्रवारी ते 'कहफ' ही सूरा म्हणायचे. तीत गुहेत झोपी गेलेल्या श्रद्धावान तरुणांची कथा आहे. त्यांच्याबरोबर एक कुत्राही आहे, उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. हाफिजजींनी ती ओळ शेकडो वेळा म्हटली, मी शेकडो वेळा ऐकली. पण तो कुत्रा गल्लीतून हाफिजजींच्या पुढे चालू शकला असता, हे आम्हां दोघांनाही कधी सुचले नाही. इकडे नामदेवांची गोष्ट घराघरात सांगतात. कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. म्हणजे जागा करून देण्याची शिकवण कुणाकडून उसनी आणायला नको.

आपल्याकडे अशी कुत्री विरळाच. फुटलेले पदपथ, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या, शिक्षणाचा खर्च, अडचणी पुष्कळ आहेत. त्या सुटतील तेव्हा सुटतील. तोवर एवढे तर जमेल: कधी असा सोबती दिसला तर त्याला चुचकारू नका, बिस्किट टाकू नका. तो कामावर आहे. अंध माणसाला न विचारता हात धरून ओढू नका. आणि कुणी दाराशी थांबला असेल, तर अंग चोरून थोडी जागा करा. कुत्र्याला वर्षभरात जमते, ते आपल्याला जमू नये?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)