शिक्षा संपली, नोंद उरली : परदेशी व्हिसा मागताना

अवसरी खुर्द (ता. आंबेगाव) - मंचरजवळच्या या गावात २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले आणि परदेशी शिक्षणाची, नोकरीची भाषा उत्तर पुणे जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरही ऐकू येऊ लागली. याच पट्ट्यात यात्रेतील भांडण, बांधावरून झालेली मारामारी, निवडणुकीतील राडा, महामार्गावरील अपघात अशा कारणांनी पोलिसांत नाव गेलेली घरेही कमी नाहीत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मनाई केली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मात्र दरम्यानच्या काळात शर्यती भरवल्याबद्दल गुन्हे नोंदले गेले. तालुक्याच्या न्यायालयात गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि मोकळे व्हायचे, ही अशा प्रकरणांतील रूढ वाट. व्हिसाचा अर्ज भरताना ही जुनी पावती पुन्हा समोर येते.

व्हिसाआधी पासपोर्टचा प्रश्न येतो. पासपोर्ट कायदा, १९६७ मधील कलम ६ नुसार, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची कैद झाली असल्यास पासपोर्ट नाकारता येतो. त्याहून कमी शिक्षा किंवा केवळ दंड झाला असेल, तर हे कलम आड येत नाही. खटला प्रलंबित असेल, तर संबंधित न्यायालयाची परवानगी लागते. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार न्यायालय सांगेल तेवढ्या मुदतीचा, आणि मुदत सांगितली नसेल तर एक वर्षाचा पासपोर्ट मिळतो. माहिती दडवल्यास पासपोर्ट जप्त होऊ शकतो आणि दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आणि पुन्हा १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात मान्य केले. परंतु हा हक्क आपल्या सरकारपुरता आहे. परक्या देशाच्या दारात तो चालत नाही.

प्रत्येकाचे माप वेगळे

अमेरिकेच्या अर्जातील प्रश्न केवळ शिक्षेपुरता नाही. कधी अटक झाली होती काय, असेही तेथे विचारले जाते; माफी मिळाली असली तरी उत्तर 'होय' असेच द्यावे लागते. त्यामुळे खटला मागे घेतला गेला, तडजोड झाली किंवा निर्दोष सुटका झाली, तरी झालेली अटक सांगावीच लागते. शिक्षा झालेला गुन्हा नैतिक अधःपतनाचा आहे काय, हे नंतर तपासले जाते. एकच किरकोळ गुन्हा असेल तर सूट आहे. मात्र त्यासाठी प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांहून अधिक नको आणि त्या गुन्ह्याला कायद्यात सांगितलेली कमाल शिक्षाही एक वर्षाहून अधिक नको. येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ ची साधी मारहाण एक वर्षाच्या मर्यादेत बसते. कलम ३२४ मध्ये, म्हणजे घातक हत्याराने केलेल्या दुखापतीत, कमाल शिक्षा तीन वर्षांची होती. न्यायालयाने केवळ दंड केला असला तरी ही सूट मिळत नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेमुळे कलमांचे आकडे बदलले. जुने निकाल जुन्याच कलमांनी वाचले जातात. अमली पदार्थांच्या गुन्ह्याला ही सूट नाही.

ब्रिटनने डिसेंबर २०२० पासून सरळ रेषा आखली. १२ महिने किंवा त्याहून अधिक कैद झाली असेल, तर नकार. मग कितीही वर्षे लोटलेली असोत. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला त्याहून कमी कैद झाली असेल तर शिक्षेची मुदत संपल्यानंतर, आणि केवळ दंड झाला असेल तर दोषी ठरल्यानंतर १२ महिने उलटावे लागतात. अभिनेते संजय दत्त यांचे प्रकरण या संदर्भात आठवते. शस्त्र कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये पाच वर्षांवर आणलेली शिक्षा भोगून ते २५ फेब्रुवारी २०१६ रोजी येरवडा कारागृहातून बाहेर पडले. २०२४ मध्ये चित्रीकरणासाठी ब्रिटनचा व्हिसा मिळाला आणि महिनाभराने तो रद्द झाला, असे त्यांनीच माध्यमांना सांगितले. त्याचा संबंध जुन्या शिक्षेशी जोडला गेला. प्रसिद्धी व पैसा असतानाही हे टळले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कॅनडा आपला गुन्हा स्वतःच्या कायद्याच्या तराजूत तोलतो. आपल्याकडे मद्यपान करून वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून त्याची कमाल शिक्षा दहा वर्षे केली आणि तो गंभीर गुन्ह्यांत जाऊन बसला. तथापि शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाल्यावर पुनर्वसनाचा अर्ज करण्याची सोय तेथे आहे. ऑस्ट्रेलियात १२ महिने वा अधिक कैदेची शिक्षा म्हणजे चारित्र्य कसोटीत अपयश. ती स्थगित ठेवली गेली असली तरीही.

एकदा नकार मिळाल्यावर

आधीच्या नकाराबाबत सर्वसाधारण समज असा, की दुसऱ्या देशाला तो कळणार नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे देश बोटांच्या ठशांच्या माहितीची आपसांत पडताळणी करतात. ब्रिटनच्या अर्जात तर कोणत्याही देशाने दिलेला नकार विचारला जातो. खरा धोका नकारात नसून लपवण्यात आहे. खोटेपणा सिद्ध झाल्यास ब्रिटनचे दार दहा वर्षे, कॅनडाचे पाच वर्षे आणि अमेरिकेचे कायमचे बंद होऊ शकते. दलालाने अर्ज भरला, ही सबब सहसा उपयोगी पडत नाही, कारण अर्जावर जबाबदारी अर्जदाराची असते.

अमेरिकेत परत येण्याबाबत खात्री न पटल्याने मिळालेला नकार कायमचा नसतो; परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो. गुन्ह्यामुळे अपात्र ठरलेल्यालाही अल्प मुदतीच्या प्रवासासाठी सवलत मागता येते. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : समाजाला धोका किती, गुन्हा किती गंभीर आणि जाण्याचे कारण कोणते.

या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुण्याला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली होती. महायुद्धात १९१७ च्या नियमांनी पासपोर्ट सक्तीचा झालेला होता. १९१८ च्या वसंतात स्वराज्याची मागणी घेऊन ते शिष्टमंडळासह विलायतेस निघाले, तेव्हा कोलंबोतच त्यांचे पासपोर्ट रद्द करण्यात आले. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्ध भरलेल्या बदनामीच्या दाव्यासाठी मात्र, राजकीय चळवळीत भाग न घेण्याच्या अटीवर, त्यांना परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोहोचले. दावा १९१९ मध्ये ते हरले. मनुष्य तोच, शिक्षाही त्याच. फरक होता तो कारणाचा आणि ते कागदावर दाखवता येण्याचा.

आजच्या अर्जदाराने कागदांची तयारी न्यायालयाच्या नक्कल विभागापासून करावी. आंबेगाव तालुक्यातील खटला असेल तर घोडेगावच्या न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत, दोषारोपपत्र आणि दंडाची पावती मिळवावी. तालुका न्यायालयांचे निकाल बहुधा मराठीत असल्याने त्यांचे इंग्रजी भाषांतर करून ते प्रमाणित करून घ्यावे लागते. जुने दप्तर नियमानुसार नष्ट झाले असेल, तर तसा दाखला न्यायालयाकडून लेखी घ्यावा. 'कागद मिळत नाहीत' हे तोंडी सांगणे पुरत नाही. पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळते. परिवीक्षा कायदा, १९५८ खाली सुटका झालेल्यांना कलम १२ मुळे भारतात अपात्रता चिकटत नाही, परंतु दोषी ठरल्याची नोंद राहते आणि परदेशी अधिकारी तीच पाहतो. सोबतच्या पत्रात घटना, शिक्षा, ती पूर्ण झाल्याची तारीख आणि त्यानंतरचा कामधंदा एवढेच, फार तर एका पानात, लिहावे. निकालात सिद्ध झालेली गोष्ट पत्रात नाकारू नये. दोन्ही कागद एकाच टेबलावर वाचले जातात.