मागचा पडदा

खुटबावसारख्या गावात जुन्या घराच्या भिंतीवर एखादा जोडफोटो हमखास सापडतो. आजोबा खुर्चीत, आज्जी शेजारी उभी, पदर डोक्यावर, आणि मागे तळं, कमान, संगमरवरी जिना. पॅसेंजर धरून दौंडला नाहीतर पुण्याला जाऊन काढलेला. उसाच्या पट्ट्यात तसला जिना आला कुठून? स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यावरून.

हा पडदा मूळचा विलायती. तिकडच्या स्टुडिओंनी तो श्रीमंतांच्या तैलचित्रांवरून उचलला. आपल्याकडे मात्र त्याला एक सावत्र भाऊ आहे.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींतला विल्यम जॉन्सन हा सरकारी नोकर. मुंबईच्या जातीजमातींवरचं त्याचं पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून दोन खंडांत निघालं. दुसरा खंड महाराष्ट्राचा. पडद्याचा सावत्र भाऊ म्हणजे जॉन्सनची हातचलाखी: माणसं एका काचेवर टिपायची, मुंबईचा देखावा दुसऱ्या काचेवर, आणि छापताना दोन्ही जोडायचे. चित्रात माणूस जिथे उभा दिसतो, तिथे तो कधी उभाच नव्हता! चित्राची ओळख माणसाच्या नावानं नाही, जातीनं: भाटिया, वाणी. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले, तेव्हा जातवार चित्रांचा हाच उद्योग सरकारनं देशभर केला.

सगळं साहेबावर ढकलूनही चालणार नाही. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी त्याच सोसायटीत होते, आणि जातवार नमुने त्यांनीही टिपले. एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफी शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत धंदा मांडला. पण गिऱ्हाईक पैसे मोजून आलं की कसं बसायचं यात त्याचाही शब्द चालतो. माझ्या मते आजोबांच्या खुर्चीचं खरं कूळ इथे आहे. जिना खोटा, पण ऐट त्यांची.

१० ऑक्टोबर १८८५ चा फिलाडेल्फियातला आनंदीबाई जोशींचा फोटो आठवा. शेजारी त्यांच्यासारख्याच डॉक्टरकी शिकणाऱ्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या वेशात. वेश पाहून हाही जॉन्सनचाच नमुना वाटेल. पण खाली तिघींची नावं आहेत, गावंही. आनंदीबाई ज्या सेरामपूरहून निघाल्या, त्याचं स्पेलिंग तेवढं पार बिघडलंय.

तुमच्या भिंतीवर असा फोटो असेल तर सांगणारं कुणी आहे तोवर खाली उतरवा, आणि मागे पेन्सिलीनं दोघांची नावं लिहा. आज्जीचं माहेरचंसुद्धा.