कात्रजचे उच्छ्वास आणि आपली मेन लाइन

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर आणि शहर खाली, एवढ्या भांडवलावर पाणी वाहायचं आणि पेठांतले हौद भरायचे.

मला त्यात सर्वात आवडते ती दुरुस्तीची सोय. नळ माणूस आत उतरू शकेल एवढा मोठा. ठिकठिकाणी वर उघडणारे उच्छ्वास. त्यातून हवा खेळायची आणि गाळ काढायला माणूसही तिथूनच उतरायचा. नळ कधीतरी तुंबणार, हे बांधणाऱ्यांनी आधीच धरलेलं होतं. पुढे १८७९ साली खडकवासल्याचं धरण झालं, घरोघर पाइप गेले. शहर वाढलं तसे कित्येक उच्छ्वास बांधकामांखाली बुजले.

आपल्या सोसायटीची मेन लाइन मात्र जन्मतःच बुजलेली! मीटरपासून जमिनीखालच्या टाकीपर्यंतचा जीआय पाइप बिल्डरने थेट पार्किंगच्या फरशीखाली पुरला होता. चेंबर एकही नाही, नकाशाही नाही. जस्ताचा मुलामा झिजला की असा पाइप आतून गंजतो, गंजाच्या गुठळ्या धरतात आणि पाण्याची वाट अरुंद होत जाते. वरच्या मजल्यावरची मंडळी वर्षानुवर्षं पंपाला शिव्या देत होती. पंप बिचारा निर्दोष. मुळात टाकीच भरत नव्हती.

खरी काळजी वेगळीच होती. पाणी सुरू असताना फुटक्या पाइपातून ते बाहेर जातं, एवढंच आपल्याला दिसतं. पण पुरवठा बंद झाला की लाइन रिकामी होते आणि त्याच भोकातून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून सर्वसाधारण सभेत ‘नुसता क्लॅम्प मारा, भागेल’ म्हणणाऱ्यांचं ऐकलं नाही, ते बरंच झालं. वर्गणीवरून झालेली वादावादी इथे लिहीत नाही.

प्लंबरने तीन ठिकाणी फरशी फोडली तेव्हा कुठे लाइन सापडली. नवा पाइप भिंतीच्या कडेने, उघड्यावरून नेला आहे. जिथे जमिनीखाली जावंच लागलं तिथे दोन चेंबर आणि दोन व्हॉल्व्ह ठेवले आहेत. नकाशा ऑफिसात फ्रेम करून लावला आहे. दुसऱ्या चेंबरच्या झाकणावर सध्या कुणाची तरी तुळशीची कुंडी आहे, ती कृपया हलवावी.