नैतिक निरपेक्षतावाद व सापेक्षतावाद

योग्य-अयोग्य, न्याय्य-अन्याय्य ही मूल्ये सर्व देशकाळी सारखीच बंधनकारक असतात, की ती समाजाच्या वा व्यक्तीच्या मतावर अवलंबून असतात, या प्रश्नाला दिलेली दोन परस्परविरोधी उत्तरे. पहिल्या मताला निरपेक्षतावाद व दुसऱ्याला सापेक्षतावाद म्हणतात. मूळ तत्त्व एकच, परंतु परिस्थितीनुसार त्याचे आचरण भिन्न, असे तिसरे मतही संभवते. महाराष्ट्रातील वैचारिक वाद मुख्यत्वे या तिसऱ्या मताच्या अनुषंगाने झाला. नियमाला अपवाद कोणी व कोणत्या कसोटीवर करावयाचा, हा त्यातील कळीचा मुद्दा होय.

प्राचीन विचार : ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याने एक प्रसंग नोंदविला आहे. पर्शियाचा राजा दरायस याने मृत पित्याचे दहन करणाऱ्या ग्रीकांना आणि त्याचे मांस भक्षण करणाऱ्या कॅलेटियन लोकांना, किती द्रव्य घेऊन एकमेकांची रीत स्वीकाराल, असे विचारले. दोघांनीही ती कल्पना निषिद्ध मानून झिडकारली. सापेक्षतावादाचे हे प्रसिद्ध उदाहरण होय. तथापि मृत पित्याविषयीचा आदर दोन्ही समाजांत समान होता, भेद होता तो तो व्यक्त करण्याच्या रीतीत.

भारतीय धर्मशास्त्रकारांनी अहिंसा, सत्य, अस्तेय इ. साधारण धर्म सर्व मनुष्यांस लागू मानले. त्यांच्या जोडीला वर्णधर्म, आश्रमधर्म, देशाचार, युगधर्म व आपद्धर्म यांचीही व्यवस्था लावली. नियोगासारखी, एके काळी मान्य असलेली चाल पुढे कलिवर्ज्य ठरली. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांनी कलिवर्ज्यांचे सविस्तर विवेचन केले आहे. शास्त्राने पूर्वी मान्य केलेले आचारही लोकमत पालटताच त्याज्य ठरत, हे त्यावरून दिसून येते.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्णाने अर्जुनास कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगितली आहे. दरोडेखोरांच्या भीतीने रानात लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा कौशिकाने सत्यव्रतास जागून सांगितला. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकास गेला. याउलट जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) याने १७९७ च्या एका निबंधात, आश्रयार्थी मित्राचा जीव वाचविण्यासाठी मारेकऱ्याशी खोटे बोलणेही गैरच, असे प्रतिपादन केले. निरपेक्षतावादाचे इतके कठोर रूप भारतीय परंपरेत सहसा आढळत नाही.

क्षेत्रकथांतूनही हा प्रश्न लोकांपुढे राहिला. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथील चिंतामणी गणेशाची कथा इंद्राशी निगडित आहे. अहल्येशी केलेल्या दुर्वर्तनामुळे गौतमाच्या शापास पात्र झालेला इंद्र येथे गणेशाची आराधना करून शापमुक्त झाला, अशी आख्यायिका आहे. देवांचा राजाही नीतिनियमाला अपवाद नाही, पण दोषाला प्रायश्चित्त आहे, हा तिचा आशय. अहल्येच्या दोषाविषयी मात्र एकमत नाही. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात तिने इंद्रास ओळखले होते, असे म्हटले आहे, तर उत्तरकांडात ती अजाणतेपणी फसविली गेली. इंद्राच्या कृत्याची निंदा दोन्हीकडे आहे, स्त्रीच्या वाट्याचा दोष मात्र बदललेला आहे.

एकोणिसावे शतक : इंग्रजी राजवटीत रूढीची चिकित्सा सुरू झाली, तेव्हा या वादाला सामाजिक धार आली. ‘आमच्या समाजात हेच योग्य’, हे उत्तर रूढीच्या समर्थकांना सोयीचे होते. रूढीखाली दबलेल्यांना मात्र रूढीबाहेरचे एखादे माप हवे होते. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक (१८९१) या ग्रंथात, निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुष सारखेच स्वतंत्र निर्माण केले, या तत्त्वावर नीती उभारली. पुरुषाला असलेली मुभा स्त्रीला का नसावी, ही त्यांची कसोटी होती. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी ईश्वराचा आधार न घेता, मानवी सुख व विवेक यांच्या बळावर तोच लढा सुधारक पत्रातून (१८८८) चालविला. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ मध्ये मुलींच्या संमतीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे केली. त्या वेळी परक्या सरकारने समाजाच्या आचारात हात घालावा काय, हा प्रश्न लोकमान्य टिळकांना (१८५६–१९२०) महत्त्वाचा वाटला, तर मुलींवर होणारा अन्याय सुधारकांना. एकाच कायद्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत्या.

टिळक व गांधी : मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्य (१९१५) या ग्रंथातील ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात टिळकांनी अहिंसा, सत्य इ. नियमांचे अपवाद तपासले. नियम परस्परांशी भिडतात तेव्हा बाह्य परिणामांपेक्षा कर्त्याची शुद्ध व सम बुद्धी ही श्रेष्ठ कसोटी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सर्वच मते सारखी, असे ते मानीत नाहीत. परंतु आपली बुद्धी सम झाली आहे हे कोणी ठरवावे, ही अडचण तेथे उरते. जानेवारी १९२० मध्ये यंग इंडिया पत्रातून हाच वाद टिळक व महात्मा गांधी यांच्यात झाला. राजकारण हा साधूंचा नव्हे तर संसारी जनांचा व्यवहार आहे, असे टिळकांनी लिहिले. शठाशीही सत्यानेच वागावे, असे गांधींचे उत्तर होते.

पुढे टिळकांचे अनुयायी, वणीचे माधव श्रीहरी अणे (१८८०–१९६८), यांनी जुलै १९३० मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला व कारावास पत्करला. कायद्याने गुन्हा ठरलेले कृत्य नीतीने योग्य असू शकते, हे त्यामागील गृहीत होते. नियमभंग उघडपणे करावा आणि शिक्षा आपण सोसावी, ही सत्याग्रहाची अट अपवादाच्या गैरवापराला आळा घालणारी होती.

आंबेडकरांची मीमांसा : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी (१८९१–१९५६) ॲनिहिलेशन ऑफ कास्ट (१९३६) या ग्रंथात नियम व तत्त्व यांत भेद केला. नियम काय करावे ते सांगतो, तत्त्व कृतीचा न्याय करण्याचे साधन देते आणि कर्त्यावर जबाबदारी टाकते. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या द बुद्ध अँड हिज धम्म (१९५७) या ग्रंथात ते आणखी पुढे गेले. चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते, परंतु ती टोळीपुरतीच असते. म्हणून नीती सार्वत्रिक आणि पवित्र मानली गेली पाहिजे, दुर्बलांचे रक्षण अन्यथा होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

मूल्यमापन : आचार देशकाळानुसार बदलतात, हे सापेक्षतावादाचे निरीक्षण बिनतोड आहे. इतरांच्या चालीरीतींविषयीची सहिष्णुता ही त्याची देणगी होय. परंतु मते भिन्न आहेत एवढ्यावरून ती सारखीच ग्राह्य ठरत नाहीत. तसे मानल्यास समाजसुधारणा या शब्दालाच अर्थ उरत नाही, कारण बदल होईल, पण तो चांगला की वाईट हे म्हणता येणार नाही. उलट, नियमालाच तत्त्व मानणारा निरपेक्षतावाद कौशिकाच्या वाटेने जातो. ज्याला नियमाचा भार सोसावा लागतो त्याच्या बाजूने नियमाची परीक्षा करावी, हा फुले ते आंबेडकर या परंपरेचा या जुन्या वादातील विशेष होय.