पेणचे दोन खार

पेण तालुक्यातल्या हमरापूरहून खाडीच्या अंगाला उतरले की खारेपाट लागतो: बांध, पाणी सोडायच्या उघाड्या आणि भाताची खाचरे. बांधाला खांड गेली की भरतीचे पाणी शेतात शिरते आणि जमीन खारावते. त्याच तालुक्यात पेणचे पापड प्रसिद्ध. तिथे खार म्हणजे पापडखार. दोन्ही खार संस्कृत ‘क्षार’ची लेकरे. पण हळदीच्या पाण्यात एकदा मीठ टाकून पाहा, एकदा पापडखार. मिठाने पाणी पिवळेच राहते, पापडखाराने लाल होते. भाषेने जे एका शब्दात कोंबले, ते हळद वेगळे काढून दाखवते.

यातला मूळ अर्थ पापडखाराकडचा. सुश्रुतसंहितेत क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेतून काढलेले, मांस जाळणारे औषध. सुश्रुताने शब्दाची फोड दोन परींनी केली आहे: क्षरण करतो म्हणून क्षार, किंवा क्षणन म्हणजे नाश करतो म्हणून क्षार. आधुनिक भाषापंडितांपैकी काही जण तो ‘जळणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. कृतीही तपशीलवार आहे: राख पाण्यात कालवायची, पुनःपुन्हा गाळायची, मग भाजलेले शंख-चुनखडीचे दगड घालून तिची धार वाढवायची. राखेतल्या कार्बोनेटात चुना मिसळला की दाहक हायड्रॉक्साइड तयार होते, हे आजचे रसायनशास्त्रही सांगते. क्षाराने आग झाली तर आंबट द्रव लावा, म्हणजे त्याचा तीक्ष्णपणा जाऊन तो मधुर होतो, असेही सुश्रुत सांगतो. शाळेत याला आपण उदासिनीकरण म्हणतो.

मराठीतली जोडनावे या जुन्या अर्थाला धरून राहिली. यवक्षाराचा जवखार झाला, टंकणाचा टाकणखार, सर्जिकेचा साजीखार. सगळे हळद-लिटमसच्या कसोटीला अल्कधर्मी ठरतात. उलट खारट, खारे पाणी, खारे वारे, खारवणे ही मंडळी मिठाच्या बाजूची. दोन्ही बाजूंमधला दुवा समुद्रकाठीच सापडतो. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या काही झुडपांच्या राखेतून सोडा निघतो. अशाच राखेला अरबीत ‘अल्-कली’ म्हणत. त्यावरून इंग्रजीत अल्कली आले आणि आपल्या पाठ्यपुस्तकात अल्क. एखाद्यावर ‘खार खाऊन’ असण्यातला खार मात्र या घराण्यातला नाही. तो फारसी, अर्थ काटा. झाडावरची खार तर आणखी निराळी.

पुढे परिभाषा घडली तेव्हा हिंदी आणि मराठीने वेगळ्या वाटा धरल्या. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, क्षारक म्हणजे बेस आणि मिठाच्या जातीच्या संयुगांना लवण. मराठीने क्षार हे नाव याच लवणांना दिले. मग बेससाठी नवा शब्द हवा झाला. तो आला आम्लारी, म्हणजे आम्लाचा अरी. शत्रुत्वावर बेतलेले हे नाव समर्पक आहे, कारण आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निकामी करतात, आणि त्यांच्या झुंजीतून उरतात क्षार आणि पाणी. सुश्रुताच्या लेखी जो झुंजणारा होता, तो नववीच्या पुस्तकात झुंज संपल्यावर उरणारा झाला.

या झुंजीत कोण वरचढ, ते सांगतो दर्शक. रॉबर्ट बॉइलने 1664 साली व्हायोलेटच्या फुलांचा अर्क वापरून आम्ल-अल्क ओळखण्याची रीत लिहून ठेवली. लिटमसचा रंग निघतो शैवाकांतून. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूलही शैवाकच. पण रंग फक्त बाजू सांगतो. तीव्रता मोजायला 1909 साली कोपनहेगनच्या सोरेनसेन यांनी पीएचची मोजपट्टी दिली. तिला मराठीत सामू म्हणतात, आणि हा शब्द प्रयोगशाळेपेक्षा शेताच्या बांधावर जास्त ऐकू येतो.

थोडे आम्ल किंवा अल्क पडले तरी ज्याचा सामू फारसा हलत नाही, ते बफर द्रावण. हे नाव रेल्वेच्या डब्यांमधल्या, धक्का झेलणाऱ्या बफरचेच. फ्रेंच ‘तांपों’ आणि जर्मन ‘पुफर’ या शब्दांनाही हे दोन्ही अर्थ आहेत. पनवेल-रोहा मार्गावर हमरापूर स्थानक आहे, तेव्हा हा शब्द तिथे समजावून सांगायला नको. समुद्राच्या पाण्यातही असे बफर असते: बायकार्बोनेटमुळे त्याचा सामू साधारण 8.1च्या आसपास टिकतो.

शेतकऱ्याला हा शब्दांचा घोळ महागात पडू शकतो. माती परीक्षणाच्या अहवालात सामू वेगळा आणि विद्युत वाहकता वेगळी. वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू 8.5च्या खाली, तर जमीन क्षारयुक्त. तिच्यातले मीठ पाण्याने धुऊन काढता येते. खारेपाटात हे काम कोकणचा पाऊस करतो, म्हणून तिथे पावसाळी भात पिकतो. सामू 8.5च्या वर गेला आणि मातीत सोडियम साचले, तर ती चोपण. चोपण जमीन नुसती धुऊन सुधारत नाही, तिला जिप्सम लागतो. हमरापूरच्या गणपती कारखान्यांत पोत्यांनी येणारे प्लास्टर म्हणजे हाच जिप्सम, भाजून बरेचसे पाणी उडवलेला. बोलताना दोन्ही जमिनींना खारी म्हटले तरी चालते. उपाय निवडताना मात्र अहवालातले दोन्ही आकडे वाचावे लागतात.